सगळं थेटर रडत होतं

सगळं थेटर रडत होतं आणि मला हसू आलं.

पडद्यावर एक बाई आपल्या झोपलेल्या लेकराला सोडून घरातून निघाली होती. अंगावर भारी साडी, दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या. दारापर्यंत गेली, मागं वळली, धावत परत आली, पोराचा मुका घेतला, पुन्हा दाराकडं धावली, उंबऱ्याला ठेचकाळून पडली, उठली आणि पळत सुटली. बांगड्या नुसत्या खळखळत होत्या. पोर मात्र ढिम्म झोपलेलं. माझ्या शेजारी शालन पदराचा बोळा तोंडात धरून हुंदके देत होती. मी हसले तशी तिनं मला कोपरानं ढोसलं.

"आक्का, गप की. माणसं बघत्यात."

"बघू देत. त्या पोराला कुणीतरी कानाच्या डॉक्टरकडं न्या म्हणावं."

पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत मागं वळली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच ते पोर टाकून आले होते.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तासगावात मी तेव्हा बेदाणा निवडायला जायचे. शेडमध्ये आम्ही वीस-बावीस बायका. समोर बेदाण्याचा ढीग ओतलेला असायचा, त्यातल्या काड्या काढायच्या, हिरवा मणी वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. नाकात गंधकाचा वास आणि बोटं सदा चिकट. रेडिओ लावला की हात थांबतात असं मालकाचं म्हणणं, म्हणून रेडिओ नव्हता. त्याऐवजी मी होते.

मला सिनेमाचं वेड. एकट्या बाईला घरी थांबून करायचंय काय? दर शुक्रवारी तीन ते सहाचा खेळ मी चुकवायचे नाही. शनिवारी सकाळी शेडवर तो सिनेमा सांगायचा. सांगताना माझे हात थांबायचे, तर प्रत्येक बाई माझ्या ढिगातली एक एक ओंजळ आपल्या पुढ्यात ओढायची. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. जैबूनमावशींनी एकदा, माझं तोंड चालू राहावं म्हणून, गुपचूप ओंजळ उचलली आणि तेव्हापासून रीतच पडली. पण नुसती गोष्ट सांगून भागायचं नाही. शेवटी कुणीतरी विचारायचंच, हिरवा, पिवळा का काळा?

हिरवा म्हणजे जा. पिवळा म्हणजे कुणी तिकीट काढून देत असेल तर जा. काळा म्हणजे घरी गोधडी शिवत बसा. या बायकांना महिन्यातून एखादी दुपार मोकळी मिळायची, ती माझ्या शब्दावर जायची. म्हणून मी मन लावून बघायचे. इस्त्रीच्या सदऱ्यात नांगर धरणारा हिरो दिसला की तिथंच काळा. तीन गोळ्या लागून पाव तास बोलणारा मित्र दिसला की काळा. माझ्या सासऱ्याला विंचू चावला होता तर पाणी मागायलाही त्याला शब्द फुटला नव्हता. टीव्हीवरच्या मालिका आम्ही मालकिणीच्या दारात बसून बघायचो. त्यांतल्या सासवांबद्दल माझं म्हणणं असं, की सासू एवढी वाईट असते, पण एवढी रिकामी नसते. कट करायला वेळ लागतो. आमच्या सासवांना तो कुठला?

हे सगळं एकदा देशिंगे नावाच्या माणसानं ऐकलं. ते गावातलं साप्ताहिक चालवायचे आणि मालकाकडं जाहिरातीसाठी आले होते. दारात उभे राहून त्यांनी अख्खा सिनेमा ऐकला आणि म्हणाले, आक्का, हे दर आठवड्याला छापू या. मी म्हटलं, मला अक्षर येत नाही. तेव्हा शालन म्हणाली, मी लिहीन.

शालन माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नवऱ्यानं पोरासकट सोडून दिलेली, सातवी पास. शेडवर कामाला तिला मीच लावलं होतं, खोलीही माझ्याच शेजारची बघून दिली होती. मी बोलायचं, तिनं रविवारी लिहून द्यायचं, असं सुरू झालं. मंगळवारी अंक आला की शालन हात धुऊन, पुसून, दाराच्या उजेडात उभी राहून वाचायची. वर माझा फोटो असायचा. खाली बारीक अक्षरात तिचं नाव असायचं, ते ती मला बोट ठेवून दाखवायची. मग ते कात्रण शेडच्या भिंतीला खळीनं चिकटायचं. दोन महिन्यांत नऊ कात्रणं झाली होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण येता जाता मी त्यांच्याकडं बघायचे.

तर त्या शुक्रवारी थेटरातून परत येताना शालननं मला नळाच्या कट्ट्यावर बसवलं.

"खरं सांग आक्का, का हसलीस? रविवारी मला लिहायचंय. लोक तुला दगडाच्या काळजाची म्हणतील."

का कोण जाणे, मी सांगितलं. तेवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मला मूलबाळ झालंच नाही, असं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच तसं सांगितलं होतं. नवरा बैलाच्या आसुडानं मारायचा. दोनदा पोरीला घेऊन मी माहेरी गेले, दोन्ही वेळा त्यांची माणसं आली आणि आम्हा दोघींना घेऊन गेली. तिसऱ्यांदा भाऊ म्हणाला, पोर त्यांची आहे, पोरीसाठी ते येतात. एकटी आलीस तर मागं कुणी येणार नाही. मी एकटी निघाले. मागं कुणी आलं नाही.

"पण तसं कुणी निघत न्हाय, शालन," मी म्हटलं. "मागं वळलं की संपलं. भर दुपारी निघाले मी. सासू सोप्यात लवंडलेली, माणसं रानात. रंजी पाच वर्षांची. माझा पदर मुठीत धरून झोपायची सवय तिला. एकेक बोट सोडवलं. जोडवी काढून कनवटीला लावली. बांगड्या वर सारून हातानं दाबून धरल्या, वाजू नयेत म्हणून. रडायचं काय घेऊन बसलीस, श्वास सोडायची भीती वाटत होती. नि ही बया डझनभर बांगड्या वाजवत दोनदा आत-बाहेर करतीया. हसू न्हाय येणार?"

शालन जरा जवळ सरकली. मग तिनं माझा हात हातात घेतला.

"बांगड्यांचं लिही," मी म्हटलं. "बाकीचं आपल्या दोघीत."

"व्हय आक्का."

शनिवारी शेडवर मी त्या सिनेमाला काळा दिला. बायका नाराज झाल्या. सगळं गाव रडून येतंय आणि तू काळा कसा देतेस, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, रडू तर कांदा चिरताना पण येतं, म्हणून कांद्याला कुणी तिकीट लावत नाही. जैबूनमावशी म्हणाल्या, आली बघा मोठी जज्जीण, आणि ओंजळभर बेदाणे त्यांनी माझ्या ढिगातनं ओढले.

मंगळवारी शालननं वाचलं. बांगड्यांचं होतं, कानाच्या डॉक्टरचं होतं, कांद्याचंही होतं. बायका हसल्या. मला वाटलं, या वेळी जरा थोडक्यात आटपलं. कात्रण चिकटवायला तिनं आणलं नव्हतं. अंक घरी राहिला म्हणाली. मग हातात काय धरून वाचलंस, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिच्या हातात मागच्या आठवड्याचाच अंक असावा. मला काय, दोन्ही सारखेच.

पण त्या आठवड्यापासून गावाची माझ्याशी वागण्याची तऱ्हाच बदलली. थेटरच्या दारावरच्या माणसानं माझं तिकीट फाडलंच नाही, पुढच्या खुर्चीत बसा म्हणाला. मालकीणबाई आम्हाला दारातनं टीव्ही दाखवायच्या, त्यांनी मला एकटीला आत चटईवर बसवलं आणि कपबशीतनं चहा दिला. चहा पिताना त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. जैबूनमावशींनी मला टोमणे मारायचं बंद केलं, आणि एकाऐवजी तीन ओंजळी उचलायला लागल्या. देशिंगे येऊन सांगून गेले, तो अंक संध्याकाळपर्यंत संपला, मागून पन्नास प्रती काढाव्या लागल्या.

मला वाटलं, बांगड्यांचं गावाला पटलं.

खरं सांगते, मी तोऱ्यात आले. पुढच्या दोन सिनेमांवर मी लांबलचक बोलले. कोर्टाच्या सिनेमावर तर इतकी, की बेदाण्याची पाटी उलटी व्हायची वेळ आली. शेवटच्या क्षणी दार उघडून साक्षीदार धावत येतो, आणि माझ्या भावाची बांधावरची केस अकरा वर्षं चालली तरी कुणी चालतही आलेलं नाही. मी हसत होते. बायका हसत होत्या, पण जरा उशिरा, एकमेकींकडं बघून.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी दारात एक बाई येऊन उभी राहिली. असेल अठ्ठावीस-तीसची. काखेला दीड-दोन वर्षांचं पोर, हातात प्लास्टिकची पिशवी. कौसल्याबाई कोण, म्हणून तिनं विचारलं. शेजारच्या गावांतून एक-दोघी याआधी अशा आल्या होत्या, कुठला सिनेमा बघावा ते विचारायला. मी पदराला हात पुसत उठले.

तिनं पिशवीतनं कागद काढला. वर माझा फोटो होता.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"मीच."

"सगळं? का पेपरवाल्यांनी पदरचं काही घातलंय?"

"अक्षरन् अक्षर माझं. मी खोटं सांगत न्हाय बाई, सिनेमावाले सांगत्यात."

हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. कुणी हसलं नाही.

"मग तुम्हाला हसू आलं, हे पण खरं."

"आलं की. सगळं थेटर रडत होतं, मी एकटी हसत होते."

तिनं पोर या काखेचं त्या काखेला घेतलं.

"नि ती पोर झोपली होती," ती म्हणाली. "पदर मुठीत धरून."

माझ्या बोटांना एक काळा मणी चिकटला होता. तो निघता निघेना. मी शालनकडं बघितलं. तिच्या पुढ्यातली पाटी निवडून झालेली होती, तरी ती खाली मान घालून नसलेल्या काड्या वेचत होती. मी बाकीच्यांकडं बघितलं. वीस बायकांतली एकही वर बघत नव्हती, आणि कोणती पोर, असं एकीनंही विचारलं नाही. त्यांच्या घरोघरी वाचणारं कुणी ना कुणी होतं. सगळ्यांना माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं, की त्यांना माहीत आहे.

मग मी त्या बाईच्या तोंडाकडं नीट बघितलं. तोवर कागदाकडंच बघत होते. डाव्या भुवईत भाजल्याची खूण होती. तीन वर्षांची असताना चुलीतलं लाकूड फुटून ठिणगी उडाली होती.

"बस," मी म्हटलं. "पाणी घे."

"दोनची गाडी हाय. गावाचं नाव होतं यात, म्हणून चुलत्यांनी मला पाठवून दिला कागद."

जैबूनमावशी उठल्या आणि त्या पोराच्या हातात हिरवे बेदाणे ठेवले. मी म्हटलं, "मी बांगड्यांना हसले गं." रंजनानं मान हलवली. रस्ता सांगणाऱ्या माणसाला आपण हलवतो, तशी. तिला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले. पण तिनं त्या वीस बायकांकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मुकादम बापू खोक्यांवर आकडे घालत उभा होता, त्याच्याकडं तिनं पेन मागितलं. बेदाण्याच्या खोक्यावर कागद ठेवून ती वाकली आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला लागली. तेवढ्यात पोरानं एक बेदाणा कागदावर पाडला, तो तिनं बोटानं बाजूला केला. मग कागदाची चार पदरी घडी घालून तो माझ्या हातात दिला.

"तुम्हाला वाचता येतंय," ती म्हणाली. "सवडीनं वाचा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आत्ताच मी सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले होते, अक्षरन् अक्षर माझं.

"बरं," मी म्हटलं.

ती गेली. दारातनं वळून बघितलं नाही. मला ते पटलं.

शालन उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे हात ओले होते. ती हात धुऊन आली होती, मंगळवारी यायची तशी.

"आण आक्का, काय लिहिलंय तिनं? वाचते."

"नको." घडी मी कनवटीला खोचली. "त्या अंकात काय होतं ते सांग. तुला पाठ असंल."

पाठ होतं. तिनं उभ्या उभ्या सगळं म्हटलं. आसूड होता, भाऊ होता, माझ्या सासरच्या गावाचं नाव होतं, रंजी हे नाव होतं. दुपार होती आणि लवंडलेली सासू होती. एकेक बोट होतं. फार चांगलं लिहिलं होतं. माझीच गोष्ट, पण मी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत राहिले. शेवटाला बांगड्या होत्या आणि मी हसले ते होतं. नळाच्या कट्ट्यावर बसून मी 'आपल्या दोघीत' म्हणाले, ते मात्र नव्हतं.

शालन म्हणाली, घरी लिहायला बसले आणि माझं मलाच रडू आवरेना. नुसतं बांगड्यांचं लिहून कुणाला कळलं नसतं तू का हसलीस. आता गाव तुला हात जोडतंय. देशिंगे म्हणाले, असं मी वीस वर्षांत छापलं नाही, शालनबाई. तिला पहिल्यांदाच कुणी शालनबाई म्हटलं होतं. ते सांगताना, रडता रडताही, तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

"लिहिलंस ते एक वेळ जाऊ दे," मी म्हटलं. "पण मला वाचून दाखवताना का गाळलंस?"

बापू मुकादम म्हणाला, चला, हात चालवा.

दुसऱ्या दिवशी मी जागा बदलून जैबूनमावशींच्या पलीकडं बसले. भिंतीवरची सगळी कात्रणं ओल्या फडक्यानं भिजवून काढून टाकली. शनिवारी कुणी सिनेमा विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. माझा ढीग पुन्हा मीच निवडायला लागले. देशिंगे दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी बाहेरच गेले नाही. शालनशी मी भांडले नाही. बोलायचेही नाही. पुढं कितीतरी वर्षांनी तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, ती मी सगळी वाचली, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत, आणि फळीवर ठेवून दिली.

तो कागद वाचून घ्यायला मला वीस घरं होती. मालकीणबाई होत्या, बापू होता. पण आता मला कुणी वाचून दाखवायला नको होतं. आणि त्यात काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तिच्या दारात जायचं तरी कुठल्या तोंडानं? ये लिहिलंय, का येऊ नको लिहिलंय?

अंगणवाडीत दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग चालायचा. मी शेडवरची अर्धी पाळी सोडली आणि तिथं जाऊन बसले. शेहेचाळीस वर्षांची मी, आणि कुंभारबाई नावाची माझ्या लेकीच्या वयाची शिकवणारी. तुम्हाला घाई कसली हो, म्हणायची. घरी आले की दार लावून घडी उघडायचे.

पहिला शब्द चौथ्याच दिवशी आला. आ आणि ई, पहिल्याच पानावर असतात. आई. नंतर कितीतरी दिवस माझ्याकडं तेवढाच एक शब्द होता. तेवढ्यावर मी कामाला जायचे, यायचे, भाकरी थापायचे.

मग काना-मात्रा झाल्या. छापील अक्षर वेगळं आणि हाताचं वेगळं, म्हणून वेळ लागला. पावसाळ्यात एका दुपारी पहिली ओळ सुटी झाली. आई, मी जागी होते. मूठ मीच सोडली.

त्या दिवशी मी वर्गाला गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले, कारण खाली अजून एक ओळ होती. तिच्यात चारच शब्द होते, पण चारही शब्दांत अक्षराला अक्षर जोडलेलं. कुंभारबाई म्हणाली, जोडाक्षरं पुस्तकात शेवटी येतात, थांबा की आक्का. मी थांबले. दिवाळीनंतर, नवी द्राक्षं मांडवावर यायच्या सुमारास, ती ओळही आली.

तुमच्या बांगड्या वाजल्या होत्या.

मी कागद खाली ठेवला आणि समोर कुणी निजलंय असं धरून हात पुढं केले. डाव्या हातानं मूठ धरली. उजव्या हातानं एकेक बोट सोडवलं. दोन्ही हात तिथंच होते. बांगड्या दाबून धरायला तिसरा हात मला नव्हता.

तो सिनेमा काळा नव्हता.